वेग, दृष्टी आणि अप्रमाद : भद्रावतीच्या आकाशातील एक नैतिक प्रश्न

खासगी वैमानिकाने जमिनीलगत आणि भरधाव वेगाने विमान नेणे कितपत सुरक्षित आहे, हा प्रश्न बहुधा यंत्रशास्त्राचा आणि कायद्याचा मानला जातो. इंजिन किती भरवशाचे, वैमानिकाच्या गाठीशी किती तासांचे उड्डाण, नियमाने घालून दिलेली उंची किती, एवढ्यावर त्याची चर्चा आटोपते. तथापि या प्रश्नाच्या मुळाशी एक जुना नैतिक प्रश्न आहे. जे कृत्य कोणाला इजा करण्याच्या हेतूने केलेले नाही, ज्यातून बहुतेक वेळा कोणाला इजा होतही नाही, परंतु ज्यात इजेची शक्यता कर्त्याने विनाकारण निर्माण केलेली असते, त्या कृत्याला दोष लागतो काय, आणि लागत असल्यास तो हेतूमुळे, परिणामामुळे की बेपर्वाईमुळे? हिंसेचे स्वरूप ठरवताना जैन आणि बौद्ध आचार्यांनी नेमक्या याच प्रश्नावर शतकानुशतके एकमेकांशी वाद घातला आहे, आणि त्या वादातून जे हाती लागते ते विमानाच्या कॉकपिटमध्येही तितकेच लागू पडते.

या विवेचनासाठी चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचा परिसर समोर ठेवणे दोन कारणांनी उचित ठरते. पहिले कारण असे की, ज्या गावाचे भांदक हे जुने नाव रेल्वे स्थानकाने अजून जपले आहे, त्या गावात दोन्ही परंपरांच्या खुणा हाकेच्या अंतरावर आहेत : विजासन टेकडीत सरळ आत कोरत नेलेले बौद्ध लेणे आणि त्याच्या टोकाशी आसनस्थ असलेली बुद्धमूर्ती एकीकडे, तर केसरिया पार्श्वनाथाचे जैन तीर्थ दुसरीकडे. दुसरे कारण भौतिक आहे. भद्रावती आणि चंद्रपूर यांच्या दरम्यान मोरवा येथे लहान विमानांना पुरेशी अशी धावपट्टी आहे आणि नागपूर फ्लाईंग क्लबच्या वैमानिक प्रशिक्षणामुळे ती अलीकडे चर्चेत आली आहे. म्हणजे हौशी आणि शिकाऊ उड्डाणाचा प्रश्न या भागात आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

प्रथम संज्ञा स्पष्ट करून घेणे आवश्यक आहे. खासगी वैमानिक म्हणजे ज्याच्यापाशी खासगी वैमानिक परवाना आहे, जो स्वतःच्या कामासाठी वा आनंदासाठी विमान चालवू शकतो, पण त्याबद्दल मोबदला घेऊ शकत नाही, असा वैमानिक. भारतात हा परवाना वयाच्या सतराव्या वर्षानंतर आणि किमान ४० तासांच्या उड्डाणानंतर मिळू शकतो. कमी उंची म्हणजे किती, याचेही उत्तर नियमांत आहे. डोळ्यांनी बाहेर पाहून केल्या जाणाऱ्या उड्डाणात उतरणे आणि झेपावणे हे प्रसंग वगळता दाट वस्तीवरून जाताना सभोवतालच्या ६०० मीटर त्रिज्येतील सर्वांत उंच अडथळ्यापासून आणखी ३०० मीटर, म्हणजे सुमारे १००० फूट, आणि इतरत्र जमिनीपासून किंवा पाण्यापासून १५० मीटर, म्हणजे सुमारे ५०० फूट उंची राखावी, असा आंतरराष्ट्रीय दंडक असून भारतानेही तोच स्वीकारला आहे. याशिवाय १९३७ च्या विमान नियमावलीत धोकादायक उड्डाणाविषयी एक स्वतंत्र नियम आहे. कमी उंचीमुळे, माणसांच्या वा घरांच्या सान्निध्यामुळे किंवा अन्य कारणाने कोणाच्याही जीविताला वा मालमत्तेला अनावश्यक धोका होईल अशा तऱ्हेने विमान चालवू नये, असा त्याचा आशय आहे. या नियमातील ‘अनावश्यक’ या अटीकडे पुढे पुन्हा वळावे लागेल, कारण सगळ्या प्रश्नाची किल्ली तिच्यात आहे.

नियमाने सांगितलेली किमान उंची ही सुरक्षिततेची हमी नव्हे, हे भद्रावतीच्या परिसरात विशेषच जाणवते. चंद्रपूरच्या दुर्गापूर भागातील औष्णिक वीजकेंद्राची क्षमता २९२० मेगावॅट असून त्यात ५०० मेगावॅटचे पाच संच आहेत. एवढ्या मोठ्या संचांसाठी देशात २७५ मीटर, म्हणजे ९०० फूट उंचीच्या चिमणीचा दंडक होता. याचा सरळ अर्थ असा की, मोकळ्या शेतावरून नियमाप्रमाणे ५०० फुटांवर जाणारे विमानही अशा चिमणीच्या माथ्याच्या बरेच खाली असते. वीजकेंद्रातून निघणाऱ्या अतिउच्च दाबाच्या वाहिन्यांचे जाळे चहूकडे पसरलेले आहे. त्यातच भद्रावती येथे १९९० च्या दशकाच्या अखेरीस पश्चिम आणि दक्षिण भारताच्या वीजजाळ्यांना जोडणारे १००० मेगावॅटचे एचव्हीडीसी (उच्च दाबाच्या एकदिश प्रवाहाचे) केंद्र उभे राहिले, आणि तेथून रामगुंडमच्या दिशेने ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्या गेल्या. कोळसा खाणींतून उपसलेल्या मातीचे टेकड्यांएवढे ढिगारे, पश्चिमेकडे वर्धा नदीचे पात्र, पूर्वेकडे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे जंगल आणि गावालगत दारूगोळ्याचे उत्पादन करणारी आयुध निर्माणी, असे या भूभागाचे स्वरूप आहे. नकाशावर सपाट दिसणारा हा प्रदेश जमिनीलगत उडणाऱ्याला सपाट नाही.

वेगाचा विचार यानंतर करावा लागतो, कारण उंची कमी असणे आणि वेग अधिक असणे हे दोन धोके एकमेकांत नुसते मिळवले जात नाहीत, तर एकमेकांना वाढवतात. प्रशिक्षणासाठी आणि हौशी उड्डाणासाठी जगभर वापरले जाणारे सेस्ना १७२ हे चार आसनी विमान साधारणतः ताशी २२० किलोमीटर वेगाने जाते, म्हणजे ते एका सेकंदात सुमारे ६१ मीटर अंतर कापते. समोरची वस्तू डोळ्यांना दिसणे, ती काय आहे हे ओळखणे, आपण तिच्यावर आदळण्याच्या मार्गावर आहोत हे उमगणे, कोणत्या बाजूला वळायचे हे ठरवणे, हातपाय हलणे आणि त्यानंतर विमानाने प्रतिसाद देणे, या साखळीला एकूण साडेबारा सेकंद लागतात असा एक हिशेब अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने हवेतील टकरी टाळण्यासंबंधीच्या मार्गदर्शनात मांडला आहे. तेवढ्या वेळात हे विमान पाऊण किलोमीटर पुढे गेलेले असते. वळणाचेही तसेच आहे. ३० अंश कलून वळताना या वेगाला सुमारे ६६० मीटर त्रिज्या लागते. वेग दुप्पट झाला तर त्रिज्या चौपट होते, म्हणजे अडीच किलोमीटरांहून अधिक. इंजिन बंद पडल्यास हे विमान एक मीटर उंचीच्या बदल्यात जेमतेम नऊ मीटर पुढे तरंगत जाते. ३०० मीटरांवरून वैमानिकाला पावणेतीन किलोमीटरांच्या आतले एखादे मोकळे शेत निवडता येते, तर ६० मीटरांवरून त्याच्या वाट्याला अर्धा किलोमीटर आणि काही थोडे सेकंद येतात. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या वर गेलेला असताना, तापलेली हवा विरळ होते, पंखांना आधार कमी मिळतो, विमानाची वर चढण्याची ताकद घटते आणि जमिनीवरून उठणारे उष्ण झोत विमानाला अवचित उचलतात वा खाली टाकतात. उंची म्हणजे वैमानिकाची शिल्लक पुंजी. जमिनीलगत उडणारा ती अडचण येण्यापूर्वीच खर्चून बसलेला असतो.

सर्वांत अवघड अडथळा तारांचा. हाय टेन्शनचा टॉवर दुरूनही दिसतो, पण दोन टॉवरांमधली तार दिसत नाही. खालच्या काळ्या मातीच्या किंवा वाळलेल्या गवताच्या रंगात ती विरून जाते, आणि उन्हाच्या धुरकट झळीत तर ती अगदी जवळ येईपर्यंत अस्तित्वातच नसते. जी तार दिसते तीही फसवते. वीजवाहक तारांच्या वर, टॉवरच्या शेंड्यावरून, विजेपासून संरक्षणासाठी एक बारीक तार गेलेली असते, जिला लाइनमन अर्थ वायर म्हणतात. खालच्या जाड तारा ऐन वेळी दिसून वैमानिकाने विमान वर खेचले, तर ते नेमके या वरच्या बारीक तारेत अडकू शकते. नदीच्या पात्रावरचा मोह याहून मोठा असतो, कारण तेथे झाडे नसतात, घरे नसतात आणि वाट मोकळी भासते. २६ एप्रिल २०१७ रोजी गोंदिया जिल्ह्यातील बिरसी विमानतळावरून निघालेले एक प्रशिक्षण विमान बालाघाटच्या सीमेलगत वैनगंगेच्या पात्रात कोसळले आणि त्यातील प्रशिक्षक व शिकाऊ वैमानिक असे दोघेही मृत्युमुखी पडले. नदीचे पाणी मोजण्याच्या कामासाठी पात्रावर आडव्या ताणलेल्या तारदोराला ते विमान धडकले होते. त्या दोघांच्या मनात त्या क्षणी काय होते यावर निवाडा देणे कोणालाही शोभणार नाही. पण तो तारदोर तेथे आधीपासूनच होता, तो नदीसाठी होता, आणि त्याच्या वर मोकळे आकाश होते, एवढे या घटनेतून निर्विवादपणे दिसते. हीच वैनगंगा पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या सीमेवरून वाहत जाते.

आता शास्त्रीय पद्धतीनुसार पूर्वपक्ष, म्हणजे विरोधी बाजूचे म्हणणे, त्याच्या पूर्ण बळासह मांडले पाहिजे. उडण्याचा आनंद हा काही क्षुद्र आनंद नव्हे. १९२९ साली भारतातला पहिला वैमानिक परवाना मिळवणाऱ्या जे. आर. डी. टाटा यांच्यापासून आजच्या शिकाऊ तरुणापर्यंत अनेकांनी तो जीव लावून जोपासला आहे, आणि जोखमीला सदैव नाकारणाऱ्या समाजात विमानच जन्माला आले नसते. शिवाय खासगी वैमानिक स्वतःचा जीव पणाला लावतो, दुसऱ्याचा नव्हे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या ग्रंथात मांडलेले तत्त्व असे की, ज्या कृतीचे बरेवाईट फळ केवळ कर्त्यालाच भोगावे लागते तिच्यात समाजाने हात घालू नये. शेवटचा युक्तिवाद अनुभवाचा आहे : कुशल वैमानिकाने शंभरदा असे उड्डाण केले आणि काही झाले नाही, तर जे घडलेच नाही त्याबद्दल त्याला दोषी कसे धरावे?

यातला दुसरा मुद्दा सर्वांत आधी गळून पडतो, कारण जमिनीलगतच्या उड्डाणात केवळ स्वतःचा जीव पणाला लावणे शक्यच नसते. २३ जून १९८० रोजी दिल्लीत पिट्स एस-२ए या कसरतीच्या लहान विमानाला जो अपघात झाला, त्यात संजय गांधी यांच्यासोबत विमानात असलेले कॅप्टन सुभाष सक्सेना यांचाही अंत झाला. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी इटलीत काव्हालेझेजवळ अमेरिकी मरीन कोअरचे एक युद्धविमान ठरवून दिलेल्या उंचीच्या पुष्कळ खाली आणि अतिवेगाने दरीतून जात असता त्याने रोपवेचा दोर कापला. पाळण्यातली वीसही माणसे गेली आणि विमानातली चारही वाचली. ते विमान लष्करी होते, खासगी नव्हते, हे खरे; परंतु जोखीम उचलणारे एक आणि तिची किंमत मोजणारे दुसरे, ही विसंगती इतक्या उघडपणे क्वचितच दिसते. भद्रावतीच्या शिवारात कापूस वेचणाऱ्या बायकांनी, मोहर्लीच्या जंगलकडेला गुरे राखणाऱ्याने किंवा एका तारेच्या तुटण्याने अंधारात जाणाऱ्या गावांनी कोणत्याही वैमानिकाच्या आनंदातला वाटा पत्करलेला नसतो. मिलचे तत्त्वच वापरायचे तर ते येथे वैमानिकाच्या विरुद्ध जाते.

उरलेल्या दोन मुद्द्यांना, म्हणजे आनंदाच्या मोलाला आणि काही न घडल्याच्या युक्तिवादाला, उत्तर देण्यासाठी जैन आचारशास्त्राकडे वळले पाहिजे. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेचे लक्षण करताना केवळ प्राण घेणे एवढेच सांगितलेले नाही; प्रमादयुक्त प्रवृत्तीमुळे प्राणांचा वियोग होणे म्हणजे हिंसा, असे तेथे म्हटले आहे. प्रमाद म्हणजे गाफीलपणा, बेसावधपणा, विकारांच्या भरात भान सुटणे. या लक्षणात हिंसेचा उगम शस्त्रात किंवा द्वेषात नव्हे, तर अनवधानात शोधलेला आहे. त्याच्याही पुढे जाऊन कुंदकुंदाचार्यांनी प्रवचनसारात असे प्रतिपादले आहे की, समोरचा जीव मरो अथवा जगो, जो अयत्नाने वागतो त्याच्या ठायी हिंसा निश्चित असते, आणि जो सावधपणे, समितीपूर्वक वागतो त्याला केवळ घडून आलेल्या हिंसेमुळे कर्माचा बंध होत नाही. अमृतचंद्राचार्यांनी पुरुषार्थसिद्ध्युपायात याचे कारण स्पष्ट केले आहे : प्रमादी मनुष्य दुसऱ्याला इजा करण्याच्या आधी स्वतःच्याच आत्म्याची हिंसा करून चुकलेला असतो, दुसऱ्याची हिंसा नंतर होवो वा न होवो.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात ज्याला नैतिक दैव म्हणतात, म्हणजे एकाच बेपर्वाईने वागलेल्या दोघांपैकी एकाच्या वाटेत माणूस येतो, दुसऱ्याच्या येत नाही, आणि केवळ तेवढ्यावर पहिला अपराधी व दुसरा निर्दोष ठरतो, तो पेच बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी १९७० च्या दशकात मांडला. कुंदकुंदांच्या भूमिकेत त्या पेचाचे उत्तर आधीच दिलेले आहे. शंभरदा काही झाले नाही, यावरून शंभरदा दोष नव्हता असे सिद्ध होत नाही. शंभरदा परिणाम टळला, एवढेच सिद्ध होते. न्यायालय परिणाम पाहून शिक्षा ठरवते आणि तसे ठरवण्यावाचून त्याला गत्यंतर नसते, परंतु स्वतःच्या कृतीचा स्वतः हिशेब मांडणाऱ्याला परिणामाच्या आड लपण्याची ही सोय उपलब्ध नाही.

आनंदाच्या मोलाचा प्रश्न अनर्थदंड या कल्पनेने सुटतो. गृहस्थाच्या संपूर्ण जीवनातून हिंसा काढून टाकणे अशक्य आहे हे जैन आचार्य जाणून होते, म्हणून त्यांनी तिचे चार प्रकार केले : मारण्याच्या संकल्पाने केलेली ती संकल्पी, घरसंसाराच्या कामांत होणारी ती आरंभी, शेती-व्यापारासारख्या उपजीविकेत होणारी ती उद्योगी आणि संरक्षणासाठी करावी लागणारी ती विरोधी. यांपैकी पहिली गृहस्थाने पूर्णतः टाळायची आणि उरलेल्या तीन शक्य तितक्या मर्यादेत ठेवायच्या. भरधाव, जमिनीलगतचे हौशी उड्डाण या चारांपैकी कोठेच बसत नाही. त्यात मारण्याचा संकल्प नाही, पण घर, उपजीविका वा संरक्षण यांपैकी कोणते कारणही नाही. त्याची जागा अनर्थदंडात आहे. प्रयोजनावाचून मन, वाणी आणि देह यांना अशा रीतीने प्रवृत्त करणे की ज्यातून इतर जीवांना पीडा व्हावी, त्याला अनर्थदंड म्हणतात, आणि त्यापासून विरत होणे हे श्रावकाच्या, म्हणजे जैन गृहस्थाच्या, गुणव्रतांपैकी एक आहे. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाचे जे पाच भेद दिले आहेत त्यांतील प्रमादचर्येत माती, पाणी, अग्नी आणि वारा यांची निष्फळ ढवळाढवळ, उगाच झाडेझुडपे तोडणे, तसेच निष्कारण भटकणे व इतरांना भटकवणे यांचा समावेश आहे. हिंसादान नावाच्या भेदात हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे येते. पहिला भेद वैमानिकाला लागू होतो, तर दुसरा ज्या संस्थेला आपल्या वैमानिकाची खोड ठाऊक असूनही ती त्याच्या हाती विमान सोपवते तिला लागू होतो. १९३७ च्या नियमावलीने अनावश्यक धोक्याला जे वेगळे काढले आहे, तेच या व्रताने सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी वेगळे काढले होते.

याच्या जोडीचे दिग्व्रत हे गुणव्रतही येथे उल्लेखनीय आहे. गृहस्थाने आपल्या हालचालींची मर्यादा सर्व दिशांना स्वतःच आखून घ्यावी असे ते सांगते, आणि त्याच्या उल्लंघनांत वरची, खालची आणि आडवी अशा तिन्ही मर्यादा ओलांडणे वेगवेगळे मोजलेले आहे. हे व्रत विमानासाठी सांगितलेले नाही हे उघडच आहे, तरीही खालची मर्यादा ही स्वतः आखण्याची आणि स्वतः पाळण्याची गोष्ट आहे, हा त्यातला विचार वैमानिकाला जसाच्या तसा उचलता येतो. कारण ताडोबाच्या कडेला, कोणत्याही नियंत्रकाच्या नजरेपलीकडे, त्याला अडवणारे दुसरे कोणीच नसते.

या सर्वांहून मोलाची गोष्ट ईर्यासमितीत आहे. समिती म्हणजे सावध आचरणाचा नियम, आणि ईर्यासमिती म्हणजे चालण्यातील सावधपणा : जैन मुनीने दिवसा उजेडी, रुळलेल्या वाटेने, पुढची सुमारे चार हात जमीन नीट न्याहाळत चालावे. मुनी परंपरेने पायीच का विहार करतात याचे उत्तर या नियमात आहे. जेवढे दिसते तेवढ्याच वेगाने जाणे, हे त्याचे सार. वेगाला स्वतःचा असा दोष नाही. दृष्टीच्या पुढे धावणारा वेग दोषास्पद आहे. दहा हजार फुटांवर ताशी ४०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान दृष्टीच्या, रडारच्या आणि नियंत्रकाच्या आवाक्यात असते, म्हणून ते या नियमाशी विसंगत ठरत नाही. पन्नास मीटरांवर ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारे विमान मात्र विसंगत ठरते, कारण तेथे ज्या अंतरावरून तार दिसते ते अंतर ती टाळायला लागणाऱ्या अंतराहून कमी असते. येथे वैमानिकाचे कौशल्य फारसे उपयोगी पडत नाही. कुशल हातांनाही न दिसलेली वस्तू टाळता येत नाही.

बौद्ध परंपरेचे म्हणणे प्रथमदर्शनी याच्या उलट वाटते. बुद्धाने चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हटले, आणि मज्झिम निकायातील उपालिसुत्तात कायिक कर्माला अधिक गुरू मानणाऱ्या निर्ग्रंथ मताचा, म्हणजे जैन मताचा, प्रतिवाद करून मानसिक कर्माला श्रेष्ठ ठरवले. जैनांनी सूत्रकृतांगात या भूमिकेची खिल्ली उडवली : भोपळा समजून कोणी मूल मारले तर त्याला पाप नाही काय, असा त्यांचा सवाल होता. हेतूच सर्वस्व असेल तर इजा करू न इच्छिणारा वैमानिक सुटतो, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु विनयपिटकातला निवाडा याहून बारीक आहे. भिक्षेला गेलेला एक भिक्षू चिंध्यांनी झाकलेल्या पीठावर बसला, खाली मूल होते आणि ते दगावले. त्याच्यावर मनुष्यवधाचा पाराजिक, म्हणजे संघातून कायमचे च्युत करणारा, दोष ठेवण्यात आला नाही, पण न पाहता आसनावर बसू नये असा नियम घालून तसे करणे हा स्वतंत्र, जरी लहान, दोष ठरवण्यात आला. हेतू नव्हता म्हणून वध नाही. पाहिले नाही म्हणून दोष आहेच. पाहणे हे कर्तव्य ठरले, आणि अज्ञान हा आपोआप मिळणारा बचाव राहिला नाही. धम्मपदातला एक संपूर्ण वर्ग अप्रमादाला वाहिलेला असून महापरिनिब्बानसुत्तानुसार बुद्धाचा अखेरचा उपदेशही अप्रमादाचाच होता, हे ध्यानात घेतले म्हणजे दोन्ही परंपरांतले अंतर प्रस्तुत प्रश्नापुरते फारच थोडे उरते.

किंबहुना दोन्ही एकत्र वाचल्या की वैमानिकाचे उत्तरदायित्व अधिकच नेमके होते. तार आहे हे मला ठाऊक नव्हते, हे विधान खरे असू शकते. पण ते ठाऊक होणे ज्या वेगाने आणि ज्या उंचीने अशक्य केले, तो वेग आणि ती उंची त्याने स्वतः निवडलेली असते. अज्ञान त्याच्यावर येऊन पडत नाही, तो ते विकत घेतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्माचे जे लक्षण आहे त्यात पुढचा परिणाम, होणारी हानी, इतरांना होणारी हिंसा आणि स्वतःचे सामर्थ्य या चार गोष्टींचा विचार न करता मोहाने आरंभलेले कर्म, असे म्हटले आहे. उड्डाणापूर्वी वैमानिकाने स्वतःला विचारावयाचे चार प्रश्न याहून अधिक नेमके करणे कठीण आहे. ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात अहिंसेचे विवेचन करताना अहिंसक माणसाच्या पाऊल टाकण्याच्या रीतीवर जो दीर्घ वेळ घालवला आहे, त्याचेही मर्म हेच की अहिंसा मनात असणे पुरेसे नसते, ती गतीत उतरावी लागते.

याचा अर्थ जमिनीलगतचे प्रत्येक उड्डाण सदोष, असा मात्र होत नाही. गडचिरोलीत निवडणुकीच्या काळात दुर्गम केंद्रांवर मतदान पथके हेलिकॉप्टरने पोहोचवली जातात आणि जखमी जवानांना जंगलातून उचलून आणले जाते; अशा उड्डाणांत धोका असतो, पण तो अनर्थ नसतो, कारण त्यामागे प्रयोजन असते आणि त्या प्रयोजनाच्या प्रमाणात तयारीही असते. शिकाऊ वैमानिकाला इंजिन बंद पडल्याचे गृहीत धरून शेताकडे उतरत येण्याचा सराव करावाच लागतो. तो प्रशिक्षकासह, आधी पाहून ठेवलेल्या क्षेत्रावर आणि ठरलेल्या उंचीवरून पुन्हा वर येण्याच्या बोलीवर केला जातो. सदोष ठरते ते उड्डाण ज्यात खाली येण्याला दाखवण्यापलीकडे कारण नसते : आपले गाव वरून पाहावे, मित्रांनी गच्चीवरून हात हलवावा, नदीच्या वळणांतून विमान काढल्याचे चित्रण हाती असावे. या इच्छा माणसाच्या आहेत आणि त्यांत दुष्टपणा काहीच नाही. पण त्या १५०० फुटांवरूनही बऱ्याच अंशी पुऱ्या होतात, आणि जेवढा अंश उरतो त्याची किंमत खालच्या माणसाने आणि मुक्या जनावराने का मोजावी, याचे उत्तर देता येत नाही.

शेवटी अप्रमाद ही केवळ मनाची अवस्था राहून भागत नाही, तिला रीत लागते. जैन गृहस्थ ये-जा करून आला की सामायिक या ध्यानविधीपूर्वी ईर्यापथिक प्रतिक्रमण करतो, म्हणजे चालण्याफिरण्यात कळत-नकळत ज्या जीवांना पीडा झाली असेल त्यांची आठवण करून त्या दोषातून मागे फिरतो. काही घडले म्हणून नव्हे, तर काही घडले असू शकते म्हणून. उड्डाणसंस्थांत स्वेच्छेने चुका नोंदवण्याची जी पद्धत आहे तिचा आत्मा हाच आहे, आणि जेथे थोडक्यात बचावल्याची गोष्ट शौर्य म्हणून सांगितली जाते तेथे ती पद्धत कागदावरच राहते. मोरव्यासारख्या धावपट्टीवर नव्या पिढीला शिकवताना चिमण्या, टॉवर लाइन आणि नदीवरचे दोर यांचा नकाशा जितका अगत्याचा आहे, तितकीच अगत्याची ही सवय आहे की, उतरल्यावर प्रत्येकाने आपण कोठे, किती खाली आणि कशासाठी गेलो हे उघडपणे सांगावे. ज्या उड्डाणाच्या बाबतीत यातल्या ‘कशासाठी’चे उत्तर एका सरळ वाक्यात देता येत नसेल, ते जमिनीलगत करण्याचा अधिकार कोणत्याही परवान्याने दिलेला नाही.